मिठुं पाणी

जिवली करबटविषयी लिहायचं तर आधी मला माझी अब्रू जरा बाजूला ठेवावी लागेल. ठेवतो. तशीही फार नाही.

डहाणू तालुक्यात कासाजवळ नर्सिंग शिकणाऱ्या मुलींचं एक हॉस्टेल आहे. तिथलं सांडपाणी शुद्ध करण्याच्या प्लँटवर मी इंजिनियर आहे. प्लँट चालवते जिवलीबाय. मी कागद चालवतो. हा माझा विनय नाही. विनय असता तर पुढचं काही घडलंच नसतं.

ती तलासरीकडच्या पाड्यातली. नवरा रघ्या घोलवडला चिकूच्या वाडीत कामाला. प्लँट बांधला तेव्हा ती टाकीचा खड्डा खणायला आली होती. खड्डा झाला, टाकी झाली, बाकीचे मजूर दुसऱ्या साइटवर गेले आणि ही झाडू मारायला राहिली. शिक्षण चौथी. पहिला ऑपरेटर मोबाइलमध्ये डोकं घालून बसायचा, त्यामुळे हवेचं मशीन बंद पडलं की आधी हिलाच कळायचं. तो सोडून गेल्यावर कंत्राटदार धर्मेशभाईंनी नाइलाजाने आठ दिवस काम हिच्याकडे दिलं, आणि नवा माणूस शोधायचं पुढे विसरून गेले. तिच्या पाड्यातून मशीनवर गेलेली ती पहिली बाई. ऑपरेटरचा निळा शर्ट ती लुगड्यावर चढवून बाजारालासुद्धा जाते, आणि कुणी हसलं तर त्याच्याकडे बघून शर्टाची बटणं लावते.

प्लँटचं तंत्र साधं आहे. मोठ्या टाकीत खालून हवा सोडायची. त्या हवेवर जीवाणू जगतात, सांडपाण्यातली घाण खातात आणि पुढच्या टाकीत गाळ होऊन तळाला बसतात. वरचं नितळ पाणी क्लोरीन देऊन झाडांना सोडायचं. जीवाणूंना जिवलीबाय 'गडी' म्हणते. सकाळी टाकीच्या कडेला उभी राहून फेसाचा रंग बघते, वास घेते आणि सांगते, "गडी आज सुस्त हायेत. हवा कमी पडते." मग मी मीटर बुडवून ऑक्सिजन मोजायचा आणि तो कमी निघाला की आपण काहीतरी शोधून काढल्यासारखं वहीत लिहायचं.

मी लातूरचा. इथे येऊन तेव्हा तीनच महिने झाले होते. चैत्रात महालक्ष्मीची जत्रा लागली. जिवलीबायला दोन दिवस जायचं होतं. रजा मांडली तर पगार कापला जाईल, म्हणून मी मोठ्या मनाने म्हणालो, "जा तू. हजेरी मी लावतो. प्लँट मी बघतो." दोन्ही दिवस तिच्या नावापुढे मी माझ्या हाताने 'हजर' लिहिलं.

नेमकी पहिल्याच दिवशी हॉस्टेलची वार्षिक सफाई निघाली आणि ड्रमभर फिनेल गटारातून आमच्या टाकीत आलं. पांढरा फेस कठड्यावरून सांडायला लागला. मी धर्मेशभाईंना फोन लावला. ते उंबरगावचे, बोलणं अर्धं मराठी, अर्धं गुजराती. म्हणाले, "गभरायचं नाय, मनिष. मोठ्या टाकीमधी पाच हजार लिटर मिठुं पाणी नाखी दे. बराबर होऊन जाईल."

नाखी दे म्हणजे टाक, एवढं मला समजत होतं. मिठुं म्हणजे मीठ, हे तर उघडच होतं. शिवाय पाणी मऊ करायच्या यंत्रासाठी मिठाची पोती कोठीत रचलेलीच होती. फिनेलवर मीठ कसं चालतं, असा प्रश्न मला पडला नाही असं नाही. पण जुनी माणसं काहीतरी जाणून सांगत असतील, अशी स्वतःची समजूत घातली. किती मीठ घालायचं याचं मी कागदावर गणित केलं, आणि माझ्या हाताने पन्नास किलोची आठ पोती विरघळवून टाकीत सोडली. फेस खाली बसला. त्या रात्री मी फार छान झोपलो.

आता ज्यांना गुजराती येते ते हसत असतील. गुजरातीत मिठुं म्हणजे मीठ खरंच, पण मिठुं म्हणजे गोडही. आणि पाण्याबद्दल बोलताना मिठुं पाणी म्हणजे साधं, गोडं, विहिरीचं पाणी. डहाणू-तलासरीत हे शेंबडं पोरही सांगेल. लातूरकडच्या इंजिनियरने मात्र चांगलं चारशे किलो मीठ ओतून गड्यांची पार वाट लावली.

तिसऱ्या दिवशी जिवलीबाय जत्रेहून परतली ती फाटकातच थांबली. टाकी राखाडी झाली होती, मेलेला गाळ तरंगत होता, कुजका वास सुटला होता. तिने कठड्यावर सुकलेला पांढरा थर नखाने खरवडला, कोठीत जाऊन रिकामी पोती मोजली.

दुपारी धर्मेशभाई आले. त्यांनी आधी टाकी बघितली, मग मिठाची रिकामी पोती, मग हजेरीचं रजिस्टर. "मी मनिषला मिठुं पाणी बोलला. मनिष तुला बोलला. आणि तू मीठ ऐकला," ते जिवलीबायला म्हणाले. "माझीच चुकी. चौथी शिकलेलीला मशीन दिली. पुढच्या महिन्यापासून आयटीआयवाला आणतो. तू परत झाडू घे."

मी शेजारीच उभा होतो. तोंड उघडायला हवं होतं. नाही उघडलं. भित्रा होतो, याहून चांगलं कारण माझ्याजवळ नाही. जिवलीबायने माझ्याकडे एकदा पाहिलं. मी जत्रेला होते, एवढं जरी ती बोलली असती तर सुटली असती. पण माझी खोटी हजेरी उघडी पडली असती. ती शर्टाची बाही नीट करत म्हणाली, "आठ दिवस द्या, शेठ. टाकी परत उभी नाय केली, तर मीच शर्ट काढून देईन."

मग आठ दिवस मी जे पाहिलं ते कुठल्या कॉलेजात शिकवत नाहीत. तिने टँकर लावून खारट पाणी उपसलं आणि गोडं पाणी भरलं. हवेचं मशीन चोवीस तास चालू. नुसत्या पाण्यात गडी येणार कुठून? तलासरीच्या पुढे हायवेवरच्या एका हॉटेलच्या प्लँटवर तिची ओळख होती. तिथला जिवंत गाळ आणायचा, पण तो हवेशिवाय फार वेळ टिकत नाही. तिने हायवेवर सीटा, म्हणजे पॅसेंजर, भरणाऱ्या तुक्याची जीप पकडली. रोज पाच ड्रम. मागच्या बाकांवर सीटा बसलेल्या, त्यांच्या पायांशी ड्रम, आणि आमच्या चारोटी नाक्यापर्यंत ती झाकणं उघडून काठीने ढवळत यायची. "काय हाय ग त्यात?" एका बाईने नाकाला पदर लावून विचारलं. "विरजण," जिवलीबाय म्हणाली. बाई सरकून बसली.

नव्या गड्यांना खायला गूळ आणि शेणाचं पाणी. किती घालायचं ते तिने मला सांगायचं आणि मी वहीत लिहायचं. पाचव्या दिवशी कुजका वास गेला. सातव्या दिवशी फेस चहाच्या रंगाचा झाला आणि टाकीला ओल्या मातीचा वास आला. ती त्या कठड्यावर बसून पहिल्यांदा पोटभर जेवली.

आठव्या दिवशी धर्मेशभाई आयटीआयवाल्याला घेऊनच आले. जिवलीबायने टाकीतलं पाणी काचेच्या उंच नळीत भरून कट्ट्यावर ठेवलं. अर्ध्या तासात गाळ सावकाश उतरला, पाव भागात घट्ट बसला, आणि वर पलीकडची भिंत दिसेल असं पाणी राहिलं. आयटीआयवाल्याने वाकून नळीवरचे आकडे वाचले. म्हणाला, "मेलेला प्लँट उठवायला दीड महिना लागतो, असं आम्हाला शिकवलंय."

तेव्हा माझ्याच्याने राहवलं नाही. म्हणालो, "धर्मेशभाई, मीठ मी टाकलं. ती जत्रेला गेली होती. हजेरी मी खोटी लावली." बोललो, आणि आठ दिवसांत पहिल्यांदा मान वर केली.

धर्मेशभाई संतापायला हवे होते. ते जिवलीबायकडे वळून हळू आवाजात म्हणाले, "तू बोलली का नाय?"

"टाकी मेलेली होती, शेठ. बोलून ती उठली असती काय?"

माझ्याकडे बोट करून त्यांनी तिलाच विचारलं, "आता ह्याचं काय करायचं, ते तूच बोल."

तिने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. खरं सांगतो, नोकरीच्या मुलाखतीलाही मला इतका घाम फुटला नव्हता.

"राहू द्या," ती म्हणाली. "ह्याला एवढं शिकवलंय. नवा आणाल, तर त्याला परत पयल्यापासून शिकवायला लागंल."