लंगड्या खारीचं पुस्तक

जळगावच्या आमच्या शाळेसाठी मुलांच्या पुस्तकांची यादी दरवर्षी मीच करते. यंदा गट तीन: वेगळी मुलं, जिद्द, निसर्ग. खरं तर आता थकवा येतो. सकाळी वेफर्ससाठी कच्ची केळी सोलली होती. लिहिताना बोटांवरचे काळे डाग दिसले आणि जवळच्या असोदा गावातली शिक्षिकेची पहिली नोकरी आठवली.

मी धुळ्याकडची, कपाशी-बाजरीतली. केळीच्या चिकाचा डाग धुऊन जात नाही, हे मला ठाऊकच नव्हतं. चौथीतली मंगला आईबरोबर बागेत केळीच्या बुंध्याशी फुटलेली जादा पिलं कापून मग शाळेत यायची. तिला लंगड्या खारीचं पुस्तक हवं होतं. पडली तरी पुन्हा झाडावर चढणारी खार. कपाटात त्याची एकच कोरी प्रत होती.

"आधी हात धुऊन ये," मी म्हणाले.

ती हौदावर जाऊन आली. हात काळेच. मी परत पाठवलं. पोरं हसली, "बाई, तिले राखेनं घासा!"

तिसऱ्यांदा आली तेव्हा तळवे लाल झाले होते. "चीक हाये बाई, जात नाही." मग हात पाठीमागे घेत म्हणाली, "तुम्हीच वाचून दाखवा ना. मी हात नाही लावत."

मला रजिस्टर पूर्ण करायचं होतं. "उद्या बघू," म्हणत मी कपाटाला कुलूप लावलं. पुस्तक जपल्याचं तेव्हा समाधानच वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी ते वाचायला काढलं, तेव्हा मंगला मान खाली घालून म्हणाली, "नको बाई. मला नाही आवडत पुस्तकं."

मी पुन्हा विचारलं नाही.