माणसं पुसलेलं स्टेशन

आमच्या स्टेशनावर काल तिपाईवर एक यंत्र गरगर फिरत होतं. लेझरने खांब, बाकं, नळ सगळं मोजून संगणकात हुबेहूब स्टेशन उभं करायचं म्हणे, देखभालीसाठी. यंत्रवाल्या साहेबांनी बाकावरच्या एका आजींना उठवलं. "बाजूला व्हा, आजी. माणसं मध्ये आली की ती नंतर पुसत बसावं लागतं."

माझं डोकंच फिरलं. नळाला पाणी नाही, हे सांगून सांगून आमची तोंडं दुखली. आता तो कोरडा नळ मिलिमीटरपर्यंत अचूक उतरेल, आणि तहानलेली माणसं तेवढी केरासारखी झाडली जातील!

आजी मात्र काठी टेकत परत बाकावर बसल्या. म्हणाल्या, "पुसा की मग खुशाल. माझे गुडघे दुखतायत."