पणजीचं माहेर सापडलं, माणसं नाही

मंडळी, डोकं अजून शांत झालेलं नाही, म्हणून इथे लिहितेय.

माझ्या वडिलांची आजी, रखमा. दासगावला माझ्या माहेरी जेवढे जुने कागद आहेत, त्या सगळ्यांवर ती फक्त पणजोबांची बायको. माहेर कापड्याकडचं, एवढंच ठाऊक. आडनाव कुणालाच माहीत नाही.

आज पोलादपूरला तिकडच्या जमिनींचे जुने फेरफार काढले आणि ती सापडली! तिचे वडील वारल्यावर लागलेल्या वारसांत दोन मुलगे, आणि खाली 'मुलगी रखमा, सासर दासगाव'. आडनाव मोरे. नवऱ्याचं नाव आमच्याच पणजोबांचं. मला रडूच आलं.

पेढे घेऊन तशीच कापड्याला, त्या मोऱ्यांच्या घरी गेले. ओटीवर एक म्हातारे आजोबा बसले होते. त्यांनी पाणी दिलं, आत चहा सांगितला. मग मी कागद दाखवला.

"अशी कोण बाय आमच्यात नव्हती."

"आजोबा, मला जमीन नको. नुसतं नाव..."

"आज नाव, उद्या हिस्सा. जा गो बाय तू."

चहा आलाच नाही. पेढे परत आणले.

माहेरी येऊन वडिलांना तावातावाने सांगितलं. वाटलं, तेही चिडतील. ते म्हणाले, "त्यांचं काय चुकलं? उद्या तुझी नात असा कागद घेऊन इथं आली, तर आपल्याकडं दुसरं काय सांगणार हायत?"

भाऊ शेजारीच जेवत होता. त्याने मान वर केली नाही.

तुमच्या घरी कुणी मान वर केली असती का?