चाळीस जणांनी ऐकलेलं दुखणं

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. बांधकामावर टॉवर क्रेन चालवतात. मी खाली उभा राहून वॉकीटॉकीवर त्यांना सांगतो, जरा डावीकडे, हळू, थांबा. मी दाजी म्हणतो म्हणून साइटवर सगळेच त्यांना दाजी म्हणायला लागले. ताईला फुकटात चाळीस भाऊ मिळाले, पण एकाने कधी तिचा गळका नळ बघून दिला नाही.

क्रेनवर सकाळी आठला चढलेला माणूस संध्याकाळीच उतरतो. दोनशे चाळीस पायऱ्यांची उभी शिडी, सारखी कोण चढणार-उतरणार? लघवीसाठी वर एक बाटली असते. पण दाजी महालाजाळू. ती बाटली खाली आणताना कुणी बघेल म्हणून पठ्ठ्याने पाणीच तोडलं. दिवसभरात दोन घोट. मी भांडलो, ताई भांडली. "मी काय कुक्कुलं बाळ आहे का?" म्हणून उडवून लावायचे.

मग गेल्या महिन्यात ताई म्हणाली, "हे बाथरूममध्ये गेले की नळ सोडून ठेवतात. पंधरा-पंधरा मिनिटं. आणि जेवायला बसले की एका बाजूला कलून बसतात."

विचारलं तर म्हणे, "उन्हाळी लागलीय. दुसरं काही नाही."

दुसरं बरंच काही होतं. दाजींचा भाऊ प्रोस्टेटच्या कॅन्सरने गेला. त्याचंही सुरुवातीला लघवीचंच दुखणं होतं. दाजींनी मनात पक्कं धरलं, आता आपला नंबर. डॉक्टरकडे गेलं की तो त्या रोगाचं नाव घेणार, म्हणून जायचंच नाही. हे मला नंतर कळलं. आधी कळतं तर बखोट धरून नेलं असतं, मग दाजी माझ्याशी बोलले नसते तरी चाललं असतं.

त्या मंगळवारी भर उन्हात दोन टन सळ्यांचा जुडगा हुकाला होता आणि खाली स्लॅबवर सहा माणसं काम करत होती. मी म्हणालो, "थांबा." जुडगा थांबला नाही. झोके खायला लागला.

"दाजी! थांबा म्हणतोय ना!"

वॉकीटॉकीत फक्त कटकट, कटकट. दात वाजत होते त्यांचे.

"थंडी वाजतेय रे. हाताने दांडा धरवत नाहीये."

मी बोंब मारून सहाही जणांना बाजूला पिटाळलं. एक तर चप्पल तिथेच टाकून पळाला. मग एकेक वीत सांगत तो जुडगा रिकाम्या जागेवर उतरवला. किती वेळ लागला देव जाणे. टेकला तेव्हा माझा शर्ट पिळून काढावा इतका भिजला होता.

"आता उतरा, दाजी."

"नाही उतरत."

आमच्या साइटवर सगळ्यांना एकच चॅनल. दाजी जे बोलले ते चाळीस जणांनी ऐकलं. जो माणूस बाटली लपवायचा, तो म्हणाला, "कालपासून लघवी थेंब थेंब होतेय. सकाळपासून तीही नाही. खाली आग पेटलीय नुसती, बूड टेकवत नाही. भावाला झालं तेच मला झालंय. खाली येऊन काय करू?"

वर केबिनचं दार उघडं होतं आणि दारात त्यांचे पाय दिसत होते. ते उतरायलाच आलेत की आणखी कशाला, मला कळेना.

तेवढ्यात मुकादम बोलला. शिवी दिल्याशिवाय 'चहा दे' न म्हणणारा माणूस, पण आवाज एकदम मऊ. "दाजी, अरे हेच मला झालं होतं. दोन वर्षांपूर्वी. तीच जळजळ, मांड्यांच्या मधे तोच ठणका. डॉक्टरने गोळ्या दिल्या, महिन्यात ठणठणीत. सूज असते ती. कॅन्सर नाही काही. उतर."

"खरं?"

"आईशपथ."

दाजी उतरायला लागले. मी खालून चढलो, मध्यावर गाठलं, आणि त्यांचा एकेक पाय हाताने धरून पायरीवर ठेवत खाली आणलं. अंग तव्यासारखं तापलं होतं.

हॉस्पिटलमध्ये आधी नळी घालून लघवी मोकळी केली. रक्त घेतलं, लघवी घेतली, सलाईनमधून औषध सुरू केलं. मग डॉक्टरांनी समजावलं. मूत्राशयाखाली अक्रोडाएवढी ग्रंथी असते, तिच्या मधून लघवीची नळी जाते. जंतूंमुळे ती ग्रंथी सुजली की नळी आवळली जाते. म्हणून जळजळ, म्हणून थंडीताप, म्हणून लघवी बंद. आणखी एक दिवस काढला असता तर विष रक्तात भिनलं असतं. "ही सूज वेगळी आणि कॅन्सर वेगळा," डॉक्टर म्हणाले. "पण कुठलं काय आहे ते घरी बसून कळत नाही. आणि ताप गेला म्हणून गोळ्या मधेच सोडायच्या नाहीत."

दाजी ओक्साबोक्शी रडले. मीही रडलो, काय लपवायचं! चार आठवडे ताई रोज समोर उभं राहून गोळी गिळायला लावत होती.

दाजी कामावर परतले त्या आठवड्यात मुकादमाने मला सिमेंटच्या गोण्यांमागे बोलावलं. मी त्याचे पायच धरणार होतो. "मुकादम, तुमच्यामुळे माझी बहीण—"

"ते राहू दे. तो डॉक्टर कुठे बसतो?"

"तुम्हाला कशाला? तुमचं तर केव्हाच बरं झालं ना?"

तो गोणीचा दोरा उसवत राहिला. "मी कुठे गेलो होतो डॉक्टरकडे? तो वर दारात उभा होता. काहीतरी बोलायला नको?"

"मग त्या गोळ्या?"

"कसल्या गोळ्या? दोन वर्षं तसाच चाललोय. आता लघवीतून रक्त पडायला लागलंय." त्याने दोरा टाकून माझ्याकडे बघितलं. "सूजच असेल ना रे? डॉक्टर बोलले तेव्हा तू तिथे होतास. सांग ना, सूजच असेल ना?"

मी त्याचा दंड धरला. "चला, आत्ताच्या आत्ता," म्हणालो. एवढंच मला खरं बोलता येत होतं.