न उघडलेलं पोट

आमच्या घरात प्रश्न कुणालाही विचारला तरी उत्तर मी देतो. तीस वर्षं शाळेत शिकवल्याचा हा परिणाम, असं मी म्हणतो. बायको म्हणते, खोड त्याच्याही आधीची आहे. पाहुणे तिला विचारतात, "काय वहिनी, बरं आहे ना?" आणि मी सांगतो, "मजेत." ही खोड एकदा फार महागात पडली. मला नव्हे, माझ्या मायला.

माय सत्तरी ओलांडलेली, अंगानं काटकुळी. अजूनही नऊवारीचा काष्टा घट्ट मारून चाकूरजवळच्या आमच्या शेतात जाते. त्या वर्षी येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येच्या शेतपूजेला, आंबिलीनं भरलेलं बिंदगं डोक्यावर घेऊन तीच शेतात गेली. सून असताना तू कशाला, असं सगळ्यांनी म्हणून पाहिलं. "माझा मान हाय त्यो," म्हणाली. शेतात पूजा झाली, डाळी-भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील असं पोटभर जेवण झालं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती पोट धरून बसली.

निदान मीच केलं. येळवशीच्या दुसऱ्या दिवशी पोट दुखणाऱ्याला लातूर जिल्ह्यात कुणी डॉक्टरकडं नेत नाही. "भज्जी बाधली," मी म्हणालो आणि एरंडेल पाजलं. ते उलटून पडलं. ओवा झाला, बेंबीवर हिंगाचा लेप झाला. शेजारची म्हातारी म्हणाली, "बेंबी सरकली आसंल," तर मी तिला अंधश्रद्धेवर चांगलं सुनावलं. माझं एरंडेल मात्र शास्त्रीय होतं! दुसऱ्या दिवशी पोट फुगलं, वारासुद्धा सरेना. तिसऱ्या दिवशी उलट्या हिरव्या व्हायला लागल्या तेव्हा माझा धीर सुटला आणि आम्ही गाडी करून लातूर गाठलं.

दवाखान्यातल्या सर्जननी तिच्या पोटावर हात ठेवून विचारलं, "आजी, आधी पोटाचं काही ऑपरेशन?"

"कधीच नाही," मी म्हणालो. "चारही बाळंतपणं घरी झालीत. साधी सुई टोचून घेतलेली नाही तिनं." हे सांगताना मला अभिमानच वाटत होता.

"जांघेत वगैरे कुठं गाठ, फुगवटा?"

मायनं माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो, "नाही, नाही. तसलं काही नाही."

तरी ते तपासायला गेले तेव्हा तिनं लुगडं दोन्ही मुठींत घट्ट धरलं. "जुन्या वळणाची आहे हो," मी मध्ये पडलो. त्यांनी हात मागं घेतला आणि आधी एक्स-रे काढायला सांगितलं.

फोटोत आतड्यांत ठिकठिकाणी पाणी साचलेलं दिसत होतं. लहान आतडं कुठंतरी बंद झालं होतं. नाकातून नळी घातली, सलाईन लावलं, तोंडानं पाण्याचा थेंबही द्यायचा नाही असं बजावलं. सर्जननी मला नीट समजावून सांगितलं. आधी ऑपरेशन झालेल्या पोटात आतडी एकमेकांना चिकटतात, अडथळा बहुतेक त्याचाच असतो. तिथं नळी घालून एखाद-दोन दिवस वाट पाहता येते, पुष्कळदा आपोआप सुटतं. पण पोट कधी उघडलेलंच नसेल तर कारण दुसरं शोधावं लागतं. टीबीनं आकसलेलं आतडं असेल, आतली गाठ असेल, नीट न चावलेल्या फळाचा गोळा असेल, नाहीतर कुठंतरी फटीत अडकलेला हर्निया. ते कळल्याशिवाय नुसतं थांबणं धोक्याचं. ज्या गोष्टीची मी फुशारकी मारली होती, तीच त्यांना काळजीची वाटत होती.

सीटी स्कॅनला न्यायच्या आधी लघवीची नळी घालायची म्हणून सिस्टरनी आम्हाला बाहेर काढलं. थोड्याच वेळात त्या दारात आल्या आणि बायकोला म्हणाल्या, "यांच्या जांघेत गाठ आहे. कधीपासनं आहे?"

"कसली गाठ?" मी विचारलं. सिस्टरनी माझ्याकडं पाहिलंही नाही. बायकोलाही काही ठाऊक नव्हतं.

लिंबाएवढी गाठ, लाल आणि ताठ. तो हर्नियाच होता, त्यात आतड्याचा वेढा अडकून बसला होता. स्कॅनसाठीही थांबायचं नाही, असं ठरलं. मी कागदावर सही केली. मायला आत नेलं आणि बाहेर बसून मला एकच दिसत होतं, तिचं ते माझ्याकडं पाहणं. तिथं मी पहिल्यांदा स्वतःला मनापासून शिव्या दिल्या. ती गेली असती तर माझ्यामुळं गेली असती.

दुपारी सर्जन बाहेर आले. वीतभर आतडं काळं पडलं होतं, तेवढं कापून पुन्हा जोडलं, गाठ ज्या फटीतून आली होती ती शिवून बंद केली. "वाचतील," म्हणाले. मग सहज म्हणून पुढं म्हणाले, "पहिल्याच दिवशी आणलं असतं तर कापावं लागलं नसतं कदाचित."

पाचव्या दिवशी नळी निघाली. तिनं भाताची पेज दोन चमचे घेतली आणि डोळे मिटून पडली. मी विचारलं, गाठ कधीपासून होती?

"झाली आसतील तीन वर्सं. पायात काटा मोडला व्हता, मला वाटलं त्यानंच जांघंत गाठ धरली, अवधाण आलंय. निजलं की आत जायचं. लाजंकाजंची जागा, कुणाला सांगावं?"

"अगं, पण डॉक्टरनी विचारलं होतं तुला."

"तू न्हाई म्हणालास की." तिनं डोळे उघडले. "एवढा मास्तर माणूस. डॉक्टरम्होरं माझ्या लेकाला खोटं कसं पाडू?"

बायको तिथंच चादरीची घडी घालत होती. एरवी असा मोका तिनं सोडला नसता, आज तिनं घातलेली घडी मोडून पुन्हा घातली. मी पेजेचं भांडं धुवायला म्हणून बाहेर गेलो आणि नळाखाली तोंड धुऊन आलो.

पंधरा दिवसांनी तपासायला नेलं. "काय आजी, कसं वाटतंय?" सर्जननी विचारलं. माझं तोंड उघडलं होतं. मी ते मिटलं, "बाहेर बसतो," म्हणालो आणि दार ओढून घेऊन बाकावर बसलो.

आतून आधी काहीच ऐकू येईना. मग मायचा आवाज आला, हळू, थांबत थांबत, नंतर सलग. बाहेर नंबर लावून बसलेली माणसं घड्याळाकडं बघायला लागली, तरी तिचं सांगून संपेना.