काम बिघडलं तरी बिल्ला परत

बायको जाऊन आठ महिने झाले. मयतीला पोरगी पुण्याहून आली ती परत गेलीच नाही. कंपनीनं घरून काम करायची मुभा दिली, म्हणून पांढुर्ण्याच्या आमच्या दोन खोल्यांत ती लॅपटॉप घेऊन बसते. सकाळी चहा मी करतो, भाजी ती करते, आणि भाजीत मीठ कमी पडलं तं मी तोंडावर सांगतो. बायकोचं दुःख आहे ते आहेच, ते कुठं जात नाही. पण घरात माणसाचा आवाज आहे. दिवस बरे चालले आहेत असंच म्हणतो.

मग गेल्या महिन्यात एका सोमवारी तिच्या कामात मोठी चूक निघाली. तिची वरची बाई फोनवर म्हणाली, कुठं चुकलं ते शनिवारपर्यंत सापडलं तर ठीक, नाहीतर पुण्याला येऊन सगळ्यांसोबत बस, घरून हे जमणार नाही. फोन स्पीकरवर होता, मी खाटेवर पडून ऐकलं. झोपल्याचं सोंग केलं.

मी चौथीपर्यंत शिकलो. कापसातली सरकी काढतात त्या जिनिंगमध्ये हमाल होतो, नंतर हमालांचा मुकादम झालो. पोरगी काय काम करते हे मी कधी विचारलं नव्हतं. मोबाइलचं म्हणायची, मला वाटे दुरुस्ती करत असेल. बुधवारी दुपारी ती जेवायलाच उठेना, तेव्हा ताट तिच्यापुढं ठेवून विचारलं.

"काय हरवलं तुयं?"

"बाबा, तुम्हाले नाई समजणार."

"नाई समजलं तं नाई समजलं. जेवता जेवता सांग. तोंड तं चालूच राह्यते."

ती हसली आणि घास घेत सांगू लागली. मोबाइलच्या पोटात पुष्कळ प्रोग्राम असतात. प्रत्येकाची खोली वेगळी, एकानं दुसऱ्याच्या खोलीत शिरायचं नाही. काही पाहिजे असलं तर निरोप पाठवायचा. पोरगी बनवते तो प्रोग्राम म्हणजे कोठारवाला. लोकांचे फोटो, पत्ते त्याच्या ताब्यात. निरोप घ्यायला त्यानं कामकरी ठेवलेले असतात, त्यांना थ्रेड म्हणतात. निरोप कोणाकडून आला हे कामकऱ्यानं लक्षात ठेवायचं, कारण ज्याला परवानगी आहे त्यालाच वस्तू द्यायची.

"म्हणजे हमाल," मी म्हणलो. "अन् व्यापाऱ्याची चिठ्ठी."

"हाव, तसंच समजा. पण कधी कधी कामकऱ्याले आतल्या कुलपापाशी जा लागते. तिथं भायेरच्याचं नाव चालत नाई. मंग तो ते नाव बाजूले ठेवते, कोठारवाल्याच्या नावानं आत जाते, काम करते, अन् परत येऊन पहिलं नाव घेते."

"मंग बिघडलं काय?"

"कधी कधी भलत्याच प्रोग्रामले भलत्याचेच फोटो भेटून राहिले. चाचणीच्या फोनवर हाय सध्या, लोकांपर्यंत गेलं नाई. पण रोज नाई होत. शंभरदा पाह्यलं तं एकदा होते. काल कामकरी वाढवले तं दिवसभर एकदाही नाई झालं. मले वाटलं सुटलं. आज सकाळी परत झालं."

मी ताटातली पोळी तिच्याकडं सरकवली. मला जिनिंगच आठवून राहिलं होतं.

आमच्याकडं रीत अशी होती. हमाल व्यापाऱ्याची चिठ्ठी घेऊन येई. गोदामात बाहेरच्या माणसाला मनाई, म्हणून फाटकावर चिठ्ठी ठेवायची, जिनिंगचा पितळी बिल्ला गळ्यात घालायचा, आत जाऊन कापसाची गठाण काढायची, येताना बिल्ला देऊन चिठ्ठी परत घ्यायची. बिल्ला असला का गोदामवाला काही विचारत नसे. एक दिवस आत गठाण घसरली आणि एका हमालाच्या पायावर पडली. सगळे त्याला उचलून मागच्या दारानं दवाखान्यात पळाले. बिल्ले गळ्यातच राहिले. दुसऱ्या दिवशी त्यातलाच एक दुसऱ्या व्यापाऱ्याची चिठ्ठी घेऊन सरळ आत गेला. गळ्यात बिल्ला पाहून गोदामवाल्यानं चिठ्ठी पाहिलीच नाही. तिसऱ्याचाच माल ट्रकवर चढला. तो ट्रक आम्ही सौंसरला अडवला. मुकादम मी, म्हणून शिव्या मला.

त्यानंतर मी मागच्या दाराशीही माणूस बसवला. काम होवो नाहीतर बिघडो, माणूस धडधाकट असो नाहीतर खाटेवर असो, बिल्ला काढल्याबिगर बाहेर जाऊ द्यायचं नाही.

हे सगळं मी पोरीला सांगितलं नाही, तेवढा वेळ ती ऐकतही नाही. एवढंच विचारलं, "आत काम बिघडलं तं तुया माणूस कोणत्या दारानं भायेर येते?"

"म्हणजे?"

"गठाण पडली, कुलूप उघडलं नाई, कायबी झालं. काम अर्ध्यात सोडून तो पयाला. बिल्ला काढते का नाई?"

"काढते ना बाबा. मीच लिहिलं हाय ते."

"चांगल्या दारानं आला तं काढते. मी पयणाऱ्याचं पुसून राहिलो. अन् हमाल वाढवून काय होते? चाळीस जणांत एक बिल्लेवाला लवकर दिसत नाई, एवढंच."

"बाबा, जरा शांत बसा," ती म्हणाली. चिडून नाही. ताट तसंच टाकून लॅपटॉपकडं वळली. मी ताट झाकून ठेवलं आणि अंगणात जाऊन बसलो.

तास दीड तासानं ती दारात आली. केस विस्कटलेले, तोंडभर हसू. म्हणाली, दार एक नव्हतं, दोन होती. एक मी म्हणलो तेच, काम बिघडलं की निघायचं. दुसरं तिचं तिनंच शोधलं, वाट पाहून वेळ संपली की निघायचं. दोन्हीकडून कामकरी आतलंच नाव घेऊन बाहेर येत होता. पुढचा निरोप त्याच्याकडं आला की भलत्याच हक्कानं कोठार उघडायचा.

"मुकादमले काय पगार देते तुयी कंपनी?" मी म्हणलो.

"पगार नाई, बोलणे भेटते खायले," ती म्हणाली, आणि गार झालेली भाजी तशीच जेवली.

शनिवारी वरच्या बाईनं तिची पाठ थोपटली. सोबत हेही सांगितलं, आता तूच ठरव, आणखी वर्षभर घरून कर नाहीतर ऑफिसला ये, दोन्ही चालेल, पण आज कळव. पोरगी माझ्यासमोर येऊन बसली.

"काय करू, बाबा?"

मला वाटलं होतं चूक सापडली म्हणजे झालं. पोरगी हे मलाच विचारेल असं डोक्यात नव्हतं. जन्मात मी पोरीकडं माझ्या तोंडानं काही मागितलं नाही. ती दिवाळीला यावी वाटलं की म्हणायचो, तुझी आई वाट पाहते. फोन आला नाही की तुझ्या आईला झोप नाही. माझं सगळं बायकोच्या नावावर चालायचं, आणि बायको तशीच ते सांगून द्यायची, कधी नाही म्हणली नाही.

"तुयी आई असती तं म्हणली असती का..."

"आई काय म्हणली असती ते मले माहीत हाय," ती म्हणाली. "तुमचं सांगा."

मी गळ्यातला गमछा काढला, घडी केली, परत गळ्यात टाकला. ती तशीच बघत राहिली. आईसारखीच आहे, उत्तर घेतल्याबिगर उठत नाही.

"तुयं तिकडं कोणी थांबलं असन तं जा," मी म्हणलो.

"तिकडं एक खोली हाय अन् एक पंखा. तुमचं सांगा म्हणलं ना."

"मले करमत नाई तुयाबिगर. राह्य इथंच."

बोलून टाकलं. जड गठाण उतरवल्यावर पाठ मोकळी होते तसं झालं, आणि लाजही वाटली.

"राह्यते," ती म्हणाली. "पण एक. माझी मीटिंग चालू असली का मागून बनियनवर फिरायचं नाई."

"घर माझं हाय."

"हाव, पण कॅमेरा माझा हाय. पुणंभर तुमची बनियन पाह्यली लोकायनं."

ती तिथंच बसून वरच्या बाईला व्हिडिओ कॉल लावून राहिली होती, म्हणून मी आत गेलो आणि शर्ट घालून आलो.