दिव्याची पाळी

देवळात रोज दुपारी पोथीला बसून पुण्य किती साठतं ते देवीलाच ठाऊक, किस्से मात्र ढिगानं साठतात! आमच्या कुडपणच्या देवळात नवरात्रात पोथी असते. वाचणारे गुरुजी, म्हणजे आमच्याच शाळेतून रिटायर झालेले मास्तर. ऐकणारे आम्ही पाच-सात जण, मुंबईत नोकऱ्या करून दुखरे गुडघे घेऊन परत आलेले. दिव्याचा विषय निघाला की भांडण ठरलेलं. कारण एका अध्यायात जे करा म्हणून सांगितलंय, तेच दुसऱ्यात करू नका म्हणून!

गुरुजींना विचारलं की उत्तर एकच. "दोन्ही खरं आहे."

देवीपुढचा दिवा नऊ दिवस विझू द्यायचा नाही. दरवर्षी एका घराची पाळी. त्या घरच्या माणसानंच तेल घालायचं, दुसऱ्यानं हात लावायचा नाही. गेल्या वर्षी पाळी सखारामनानाची, आणि नेमकी त्याची लेक सुनंदा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. नाना एक डोळा दिव्यावर आणि एक कान मोबाईलवर ठेवून बसायचा.

*

घट बसले त्या दिवशीच पोथीत निघालं, दिव्यावर दिवा लावू नये. गुरुजींनी पान उलटलं, तर तिथं निघालं, नवा दिवा पेटत्या दिव्यावरच लावावा! नाना हातात वात धरून ताटकळत उभा.

शेवटी आमच्यातल्या बबननं खिशातला सिगारेटचा लायटर काढला. "ह्याच्याबद्दल काय लिवलंय का, गुरुजी?"

गुरुजींनी चष्मा पुसला, दोन्ही अध्याय परत चाळले. "नाही."

लावला!

*

दिवा ठेवायचा कुठं? एका अध्यायात देवीच्या उजव्या हाताला, दुसऱ्यात भक्ताच्या उजव्या हाताला. देवी आपल्याकडं तोंड करून बसलेली, म्हणजे सगळा घोटाळा. नानानं बिचाऱ्यानं दिवा तीनदा इकडचा तिकडं केला. प्रत्येक वेळी आमच्यातला कोणीतरी ओरडलाच.

शालनवहिनी देवळात रोज झाडलोट करते. तिनं केरसुणी टाकली आणि कमरेवर हात ठेवले. "नाना, मधी ठेवा तो. ज्याला जो हात पायजे त्यानं तो धरावा!"

अजून मध्येच आहे.

*

पंख्याचा किस्सा त्याच्या आधीचा. देवीला वारा घालावा असं पोथीत आहे, आणि दिव्याला वारा लागू देऊ नये असंही आहे. मुंबईच्या मंडळानं पहिलंच तेवढं ऐकलं आणि पंखा पाठवला. उद्घाटनाला पोलादपूरहून पाहुणे बोलावले. पाहुण्यांनी आधी समई लावली, मग बटण दाबलं. पंखा गरगर फिरला आणि समई विझली.

पाहुण्यांनी जोरात टाळ्या वाजवल्या. मग काय करता? आम्हीपण वाजवल्या.

*

आता नानाचं. सातव्या माळेला दुपारी पोथी चालू असताना त्याचा फोन वाजला. महाडच्या दवाखान्यातून काकी, म्हणजे नानाची बायको, बोलत होती. सुनंदाला घेऊन ती सकाळीच गेलेली.

"अवो, ऑपरेशन करायला लागंल म्हनतात. जावई मुंबैसून निघालेत, पन पोचनार कवा? पोर सारखी बाबा बाबा करते. तुमी या!"

नाना उठला आणि परत बसला. घरात दिव्याला हात लावणारं दुसरं कोणी उरलंच नव्हतं. आम्ही गुरुजींकडं बघितलं. त्यांनी पोथी चाळली. एका ठिकाणी होतं, दिव्यापासचा माणूस उठला की व्रत मोडलं. दुसऱ्या ठिकाणी होतं, लेकराची हाक ऐकून जो बसून राहिला, त्याचा दिवा देवीला पोचत नाही.

ह्या वेळी "दोन्ही खरं आहे" म्हणाले असते ना, तर मी गुरुजींना पायरीवरून ढकललं असतं! नाना रडत होता हो. अख्ख्या जन्मात आम्ही त्याला रडताना बघितला नव्हता.

गुरुजींनी पोथी मिटली. "ज्यानं घरचं मीठ खाल्लं तो घरचा माणूस. नानाच्या घरचं मीठ खा आणि दिव्याला बसा."

"मीठ? उपास हाय ना, गुरुजी!"

"सैंधव चालतं."

बबन पळत जाऊन नानाच्या घरनं सैंधवाची वाटी घेऊन आला. नानानं चिमूट चिमूट वाटली. आम्ही चाटली, शालनवहिनीनंसुद्धा चाटली. बबननं नानाला बाईकवर बसवलं आणि दोघं घाट उतरून गेले.

आरतीच्या वेळेला फोन आला. मुलगी झाली, मायलेकी खुशाल! आम्ही म्हातारे देवळात नाचलो. वहिनीनं घंटा बडवली.

बडवता बडवता तीच थांबली. "अवो, लेक माहेरात बाळंत झाली. म्हंजे नानाच्या घराला सोयर लागलं ना?"

"लागलं की."

"मग त्या घरातल्या कोनी दिव्याला हात लावायचा नाय!"

"नाय. पाळी पुढच्या घराकडं जाते."

बोललो आणि मग ध्यानात आलं. आता पुढचं घर आणायचं कुठून? दुपारपासून आम्ही सगळेच नानाच्या घरचे! दिव्यातलं तेल तळाला गेलेलं. वात तडतडायला लागली. कोणी जागचा हलेना.

गुरुजी उठले. हात धुतले, तेलाची बुधली उचलली आणि सावकाश दिव्यात धार धरली.

"गुरुजी, अवो गुरुजी! तुम्हीपण मीठ खाल्लंत ना?"

"मला बीपी आहे," गुरुजी म्हणाले. "डॉक्टरांनी बंद केलंय."